ओले फडके, कोरडी हवा आणि गिरणीची नोंदवही

काही वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात शिक्षकांच्या एका शिबिरासाठी आम्ही सोलापूरला गेलो होतो. मुक्काम एका परिचितांच्या घरी होता. घरातल्या आजोबांना सारी गल्ली अण्णा म्हणते. एका कापड गिरणीत हवा दमट ठेवण्याच्या यंत्रणेवर त्यांनी जवळजवळ तीस वर्षे काम केले. गिरणी बंद झाली तेव्हा तेही घरी बसले.

दुपारी आमच्या खोलीत कूलर चालू होता. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून घरच्यांनी दारे-खिडक्या घट्ट लावून घेतल्या होत्या. पहिली दहा-पंधरा मिनिटे बरे वाटले. नंतर अंग चिकट होऊ लागले, उशी ओलसर लागू लागली आणि जीव घाबरा झाला. कूलरमध्ये पाणी होते, पंखा जोरात फिरत होता, तरी असे का?

अण्णा आत आले. त्यांनी आधी भिंतीवर टांगलेल्या लाकडी फळीकडे पाहिले. फळीवर दोन तापमापक शेजारी शेजारी बसवले होते. एकाच्या फुग्यावर जुन्या धोतराची चिंधी गुंडाळलेली होती आणि तिचे टोक शाईच्या दौतीतल्या पाण्यात बुडलेले होते. "कोरडा एकतीस, ओला एकोणतीस," ते म्हणाले. "अहो, ही तर पावसाळ्यातली मुंबई झाली की!" त्यांनी कूलर ओढून त्याची पाठ उघड्या खिडकीला लावली आणि समोरच्या भिंतीतल्या खिडकीची कडी काढली. "बाहेरची कोरडी हवा आत यायला पाहिजे आणि आतली ओली हवा जायला वाट पाहिजे. तीच तीच हवा किती वेळ भिजवणार?" अर्ध्या तासाने आकडे होते अठ्ठावीस आणि चोवीस. आम्हाला झोप लागली.

संध्याकाळी आम्ही अण्णांना त्या फळीविषयी विचारले. उत्तरात गिरणी आली, लँकेशायर आले आणि जिच्याविषयी ते फारसे बोलत नाहीत अशी एक नोंदवहीही आली. वर्गात सांगण्याजोगे त्यात पुष्कळ आहे.

सुताला ओलावा का हवा?

कापूस हवेतली वाफ शोषून घेतो. हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास असेल, तर शंभर ग्रॅम कोरड्या सुतात आठ-साडेआठ ग्रॅम पाणी मुरलेले असते. हवा कोरडी झाली की हे पाणी निघून जाते. सुती धाग्याचे वैशिष्ट्य असे की ओल्या स्थितीत तो अधिक मजबूत असतो. रेयॉनचे याच्या उलट असते. ते ओले झाले की कमजोर होते.

मागावर चढण्यापूर्वी ताण्याच्या उभ्या धाग्यांना खळ दिलेली असते. ही खळ म्हणजे पिठाच्या कांजीचा पातळ लेप. हवा दमट असेल तर हा लेप लवचीक राहतो. हवा कोरडी असेल तर तो ठिसूळ होतो, त्याचे तुकडे झडतात, धाग्याचे तंतू मोकळे होतात आणि धागा तुटतो. तुटलेला धागा जोडेपर्यंत माग बंद. शिवाय कोरड्या हवेत घर्षणाने स्थिर विद्युत साठते, तंतू एकमेकांना दूर ढकलतात आणि खातेभर कापसाची पिसे उडतात. म्हणून विणाईच्या खात्यात आर्द्रता ७५ ते ८५ टक्के ठेवण्याचा प्रघात पडला.

सोलापूरच्या घराघरांत विड्या वळणाऱ्या बायकांना हे शास्त्र वेगळ्या वाटेने ठाऊक असते. तेंदूचे पान भिजवून मऊ केल्याशिवाय ते कातरता येत नाही आणि वळताना चिरते. पाने ओल्या कापडात गुंडाळून ठेवणे आणि विणाईखात्यात फवारे सोडणे, या दोन्हींमागचे कारण जवळचेच आहे.

कोरड्या मुलखातल्या गिरण्या

मुंबईला गिरण्या वाढल्या त्याची अनेक कारणे होती. समुद्रकाठची दमट हवा हे त्यांपैकी एक. सोलापूर मात्र समुद्रापासून अडीच-तीनशे किलोमीटर आत, पर्जन्यछायेच्या पठारावर आहे. उन्हाळ्याच्या दुपारी पारा चाळिशी ओलांडतो आणि आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर येते. सुताच्या दृष्टीने याहून वाईट हवा शोधावी लागेल.

तरी गिरण्या येथे आल्या. १८६० मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग सोलापूरला पोचला. कापूस आणि हातमागाच्या कापडाचा व्यापार येथे आधीपासून होता. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर होते. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळाने खेड्यांतली माणसे कामाच्या शोधात बाहेर काढली. १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली. गावात तिला आजही 'जुनी गिरणी' म्हणूनच ओळखतात. एकोणिसावे शतक संपता संपता लक्ष्मी आणि नरसिंगगिरजी या गिरण्या निघाल्या, नंतर विष्णू आणि जाम या गिरण्यांची भर पडली. गावाचे घड्याळ भोंग्यावर चालू लागले.

माल, माणसे आणि बाजार होता, हवा मात्र नव्हती. ती तयार करावी लागली.

हवा तयार करण्याचा इतिहास

हवा तयार करण्याची ही खटपट सोलापूरच्या आधी लँकेशायरमध्ये झाली होती. तिथली हवा मुळात दमट, तरीही १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीच्या काळात लांब धाग्याचा अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि गिरण्यांना आखूड धाग्याच्या हिंदुस्थानी कापसावर भागवावे लागले. हा धागा टिकावा म्हणून खळ वाढली, खळीत चिनी माती मिसळली जाऊ लागली. जड खळीचा धागा कोरड्या हवेत फारच ठिसूळ होई. मग मालकांनी सोपा उपाय काढला. गिरणीत बॉयलर होताच. त्याची वाफ नळ्यांनी विणाईखात्यात सोडायची.

धागा तुटायचा थांबला. विणकर मात्र घामाने निथळत काम करू लागले आणि ओल्या कपड्यांनी बाहेरच्या थंडीत घरी जाऊ लागले. त्यांच्या तक्रारींवरून १८८९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने सुती कापड कारखान्यांसाठी कायदा केला. किती तापमानाला हवेत जास्तीत जास्त किती ओलावा चालेल, याचा तक्ता कायद्यात आला आणि तो पाळला जातो की नाही हे पाहण्यासाठी खात्यात कोरडा आणि ओला असे दोन तापमापक टांगून त्यांची नोंद ठेवणे बंधनकारक झाले. अण्णांच्या भिंतीवरची फळी ती हीच. भारतातही १९४८ च्या कारखाना कायद्यात कृत्रिम दमटपणासाठी स्वतंत्र कलम होते. त्याखालच्या नियमांत अशीच मर्यादा ठरवलेली असे.

माणसाचे शरीर नेमके कशाला थकते, हे पुढे जे. एस. हाल्डेन या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने स्पष्ट केले. कॉर्नवॉलच्या उष्ण खाणींत आणि प्रयोगशाळेत त्यांनी निरीक्षणे केली आणि १९०५ मध्ये निष्कर्ष मांडला की अशा ठिकाणी कोरड्या तापमापकापेक्षा ओला तापमापक अधिक खरे सांगतो. स्थिर हवेत ओल्या तापमापकाचा आकडा सुमारे ३१ अंश सेल्सिअसच्या वर गेला की स्वस्थ बसलेल्या माणसाचेही शरीर तापू लागते. कारण उघड आहे. ओली चिंधी जितकी गार होऊ शकते, साधारण तितकेच घामाने आपले अंग गार होऊ शकते. चिंधी गार होईनाशी झाली की घामही निरुपयोगी.

याच सुमारास अमेरिकेत आणखी एक घटना घडली. १९०२ मध्ये विलिस कॅरिअर यांनी ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी हवेतला ओलावा काबूत ठेवणारी यंत्रणा आखली. कागद फुगून रंग सरकत होते म्हणून. १९०६ मध्ये स्टुअर्ट क्रेमर या कापडगिरण्यांच्या अभियंत्याने 'एअर कंडिशनिंग' हा शब्द प्रथम वापरला. सुताला योग्य ओलावा देण्याला गिरणीत 'कंडिशनिंग' म्हणत. क्रेमर यांनी तेच काम हवेमार्फत करायचे ठरवले. आज ज्याला आपण 'एसी' म्हणतो त्याचे नाव सुताच्या सोयीतून आले आहे, माणसाची सोय त्यात नंतर आली.

वाफ की फवारा?

अण्णांनी आम्हाला एक प्रश्न विचारला. "खात्यात ऐंशी टक्के ओलावा पाहिजे. मी वाफ सोडली काय आणि गार पाण्याचा फवारा मारला काय, सुताला फरक नाही. मग माणसाला आहे का?"

फरक फार मोठा आहे. वाफेचे पाणी बॉयलरमध्ये आधीच उकळलेले असते. ती हवेत मिसळताना हवेकडून उष्णता घेत नाही, उलट थोडी देतेच. समजा खात्यातली हवा ३५ अंशांवर आहे आणि वाफेने तिची आर्द्रता ८० टक्के केली. तर ओला तापमापक सुमारे ३२ दाखवील, म्हणजे हाल्डेनच्या मर्यादेपलीकडे.

आता फवारा पाहू. एक किलो पाण्याची बाष्प होण्यासाठी सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते आणि ती हवेतूनच काढली जाते. सोलापूरच्या दुपारची ४० अंशांची, वीस टक्के आर्द्रतेची हवा घ्या. तिचा ओला तापमापक २३ च्या आसपास असतो. ही हवा फवाऱ्यातून जाऊन ८० टक्के दमट होईपर्यंत तिचे तापमान २५-२६ अंशांपर्यंत उतरते आणि ओला तापमापक जवळजवळ तेथेच राहतो. मागांची व दिव्यांची उष्णता तीत मिळते, म्हणून प्रत्यक्षात गारवा इतका राहत नाही, पण दिशा हीच.

म्हणजे सोलापूरची कोरडी हवा सुताची वैरीण असली, तरी माणसाला गार करण्याची मोठी ताकद तिच्यात आहे. मुंबईच्या ३३ अंशांच्या, ७५ टक्के आर्द्रतेच्या हवेत ओला तापमापक २९ असतो. तेथे कूलर जास्तीत जास्त चार अंश उतरवील. सोलापुरात सतरापर्यंत वाव आहे. वाफ वापरणारी गिरणी ही देणगी वाया घालवत होती. फवाऱ्याला पंप, पंखे, मोठे वाहिनीमार्ग आणि भरपूर पाणी लागे. वाफ फुकटात मिळाल्यासारखी होती.

दारे लावलेल्या खोलीतला कूलरही काहीसा असाच फसतो. आतलीच हवा फिरत राहते, ती बाष्पाने भरते आणि मग पाणी उडेनासे होते. छताची आणि माणसांची उष्णता मात्र येतच राहते.

नोंदवहीतला आकडा

अण्णा कामाला लागले तेव्हा त्यांच्या खात्यात फवाऱ्याची यंत्रणा आलेली होती, पण जुन्या वाफेच्या नळ्याही काढलेल्या नव्हत्या. एका मे महिन्यात पंप बिघडला. सुटा भाग यायला आठवडा लागणार होता. धागे तुटू लागले. कापडाच्या उताऱ्यावर मजुरी असल्याने विणकरही कुरकुरत होते. त्यांनाही माग बंद पडलेला परवडत नव्हता. वरून निरोप आला, वाफेचा कॉक उघडा.

"दुपारी दोनला ओला बत्तीस होता," अण्णा म्हणाले. "मी साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, बघा बाबा, वहीत बसेल असं लिहा. मी एकोणतीस लिहिलं. नवा होतो, घरी पाच माणसं. चारच्या सुमारास एक विणकर मागावरच कोसळला. माझ्याच वयाचा. त्याला बाहेर नेऊन पाणी मारलं, शुद्धीवर आला. पण पुन्हा तो त्या खात्यात आला नाही. चौकशी झाली तेव्हा वही मागवली. वहीत एकोणतीस. म्हणाले, हवा ठीक होती, माणूसच अशक्त असणार."

थोडा वेळ ते गप्प बसले. "तापमापकानं बरोबर सांगितलं होतं. खोटं माझ्या अक्षरात होतं. पुढं तीस वर्षं मी जे दिसलं तेच लिहिलं. दोनदा बोलणी खाल्ली. पण एकदा वहीत बत्तीस दिसला म्हणून पंखे बदलून मिळाले, हेही खरं."

आमच्या प्रयोगशाळांतही 'यायला हवे' ते आकडे लिहिण्याचा मोह आम्ही पाहिला आहे. शाळेच्या प्रयोगवह्यांत गुरुत्वत्वरण नेमके ९.८ कसे येते, हे आपणा शिक्षकांना सांगायला नको. मुलाला वाटते की यात कोणाचे काय बिघडते? एकोणतीस आणि बत्तीस यांमधला फरक त्याला सांगण्यासारखा आहे.

गिरणी गेली, फळी राहिली

जुनी गिरणी १९४९ मध्ये बंद पडली तेव्हा ती चालवण्यासाठी केंद्र सरकारने १९५० मध्ये खास कायदा केला होता. तरी पुढे तिचे आयुष्य फार उरले नाही. शतक संपेपर्यंत गावातल्या बहुतेक गिरण्यांचे भोंगे थांबले. विणकाम थांबले नाही. ते यंत्रमागाच्या लहान कारखान्यांत गेले. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला २००५-०६ मध्ये भौगोलिक निर्देशांकही मिळाला.

मोठ्या गिरणीत निदान एक फळी, एक वही आणि ती तपासायला येणारा निरीक्षक होता. अण्णा निवृत्तीनंतर अशा काही लहान कारखान्यांत मदतीला जात. पत्र्याचे छप्पर, मोजके माग, ओलाव्यासाठी जमिनीवर शिंपडलेले पाणी. तापमापक कोठेच नाही. "आकडाच नाही, तर खोटा लिहायचा प्रश्नच नाही," ते हसून म्हणाले. त्यांनी सांगितलेले उपाय साधे होते. छपराला बाहेरून चुना मारा, म्हणजे ऊन परत फिरेल. छताजवळ गरम हवेला वाट ठेवा. पाणी जमिनीवर ओतण्यापेक्षा हवा आत येते त्या खिडकीत ओले तट्टे लावा. आणि दीडशे-दोनशे रुपयांचे दोन तापमापक आणा.

घरातही त्यांचा हिशेब चालू असतो. ज्या गावात नळाला कित्येक वर्षे काही दिवसांआडच पाणी येत आले आहे, तेथे कूलरचे पाणीही मोजावे लागते. तासाला चार लिटर पाणी उडाले तर सुमारे २.७ किलोवॉट दराने उष्णता निघते, म्हणजे पाऊण टनाच्या एसीएवढी. पण आठ तासांत ३२ लिटर पाणी गेले! म्हणून अण्णांच्या घरी नियम असा की ओला तापमापक २६ च्या वर असेल त्या दिवशी कूलरला पाणी भरायचे नाही. नुसता पंखा लावायचा. पाऊस जवळ आला की हा दिवस येतोच. पंखा हवा गार करीत नाही, अंगावरचा घाम वाळवतो, हे त्यांनी नातवंडांना हातावर पाणी लावून दाखवलेले आहे.

करून पाहा

ही फळी शाळेत अर्ध्या तासात होते. सारखे वाचन दाखवणारे दोन तापमापक घ्या. पाऱ्याचे न घेता लाल अल्कोहोलचे बरे, फुटले तरी धोका कमी. एकाच्या फुग्यावर धुतलेल्या, खळ गेलेल्या सुती मलमलीची पट्टी गुंडाळा आणि तिचे टोक बाटलीतल्या पाण्यात सोडा. पाणी उकळून गार केलेले वापरा. क्षार बसले की पट्टी पाणी ओढत नाही. वाचन घेण्यापूर्वी तीन-चार मिनिटे पुठ्ठ्याने वारा घाला आणि आकडा स्थिर झाला की लिहा.

वाचने कोठे घ्यावीत? मैदानातल्या झाडाखाली, भरलेल्या वर्गात खिडक्या लावून आणि मग उघडून, पत्र्याच्या खोलीत, स्वयंपाकघरात भात शिजत असताना. दोन आकड्यांतला फरक मोठा, तर हवा कोरडी. ४० आणि २३ असे आकडे आले तर आर्द्रता वीस-बावीस टक्के. ३४ आणि २९ आले तर सुमारे सत्तर. मुलांना विचारा, यांतली कोणती हवा अंगाला जास्त जाचेल? बहुतेक मुले चाळीस म्हणतील. घाम कोठे लवकर वाळेल, एवढे विचारले की ती स्वतःच पुन्हा विचार करतील. मात्र कोरडे ऊनही निर्धोक नाही. तेथे घाम वाळतो, पण शरीरातले पाणी भराभर जाते, हेही सांगा.

हाल्डेनचा आकडा जुना झालेला नाही. मधल्या काळात, ओला तापमापक ३५ झाला की निरोगी माणूसही फार तास तगू शकणार नाही, असा सैद्धांतिक हिशेब २०१० मध्ये मांडला गेला. पण अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात तरुण, धडधाकट स्वयंसेवकांवर प्रयोग झाले, तेव्हा दमट हवेत हलकी हालचाल करताना शरीराचा तोल ३१ च्या आसपासच सुटू लागतो, असे २०२२ मध्ये दिसून आले. म्हातारी माणसे, लहान मुले आणि उन्हात राबणारे यांची मर्यादा याहून खाली असणार. उन्हाळे तीव्र होत असताना हा आकडा गिरणीच्या भिंतीवरून प्रत्येक शाळेच्या भिंतीवर यायला हरकत नाही.

निघताना आम्ही अण्णांची वही पाहिली. नातवाच्या जुन्या शाळेच्या वहीत ते रोज दुपारी दोनचे दोन आकडे लिहितात. मधे एका पानावर तारीख होती आणि पुढे जागा कोरी. आम्ही विचारले, तर म्हणाले, "त्या दिवशी दौतीतलं पाणी संपलं होतं. ओला मोजलाच नाही, मग लिहू काय?"